हातभर दूरचा भाला

देवरगडच्या राजवाड्यात एका जुन्या विलायती उस्तादाचे रानडुकराच्या शिकारीचे तैलचित्र होते. तैलरंग शिकणारी अनसूया पोंक्षे त्याची नक्कल करीत होती; ती हुबेहूब उतरली, तरच गुरुजी तिला पुढच्या वर्गात घेणार होते. फक्त घोडेस्वाराचा चेहरा उरला असताना महाराज दिवाणजींसह आले.

"पोरी, या गोऱ्याच्या जागी आमचा चेहरा काढ. मिशा झोकात येऊ देत!"

"वाहवा! चित्राचे भाग्य उजळले," दिवाणजींनी री ओढली.

नाही म्हणावे तर राजवाड्याचे दार बंद, हो म्हणावे तर वर्गाचे. अनसूयेने शांतपणे कुंचला पुसला.

"आज्ञा, सरकार. एकच शंका. याने फेकलेला भाला डुकरापासून हातभर दूर आहे. तीनशे वर्षांत तो लागलेला नाही, पुढेही लागायचा नाही. सरकारांचा नेम कधी चुकत नाही, असे सारे संस्थान म्हणते. मग हा भाला सरकारांच्या हातून सुटलेला दाखवू का?"

महाराजांनी भाल्याकडे पाहिले, डुकराकडे पाहिले आणि मिशीवरचा हात खाली घेतला.

"मग दिवाणजींचा चेहरा काढ."

"छे, छे, सरकार!" दिवाणजी घाईने म्हणाले. "नक्कल कशी, मुळाबरहुकूम हवी!"

महाराज खो खो हसले, आणि अनसूयेने गोऱ्याच्या गालांसाठी गुलाबी रंग कालवायला घेतला.