शेवटच्या रांगेतला क्लॅरिनेटवाला

गजाबा मास्तरांच्या वरातीच्या बँडमध्ये मी शेवटच्या रांगेत, जनरेटरच्या गाडीला खेटून क्लॅरिनेट वाजवायचो. मग अंगात आलं. हळदीच्या गाण्यांना जॅझची फोडणी दिली आणि स्वतःच्या नावाने कार्यक्रम लावला. पाहुणे म्हणून मास्तरांनाच बोलावलं. त्यांनी माईक घेऊन भर सभेत सुनावलं, "माझ्या बँडमध्ये याचं वाजवणं कधी कुणाला ऐकूसुद्धा आलं नाही. हा एकटा काय दिवे लावणार?"

लोक उठायला लागले. मी हात जोडले. "मास्तर, वरातीत सूर गेला की तुम्हीच ओरडायचात, 'या एकट्यानं अख्खा बँड बुडवला!' जो एकटा अख्ख्या बँडला भारी पडतो, त्यानं सोलो नाही तर काय करायचं?"

असा हशा पिकला! त्यातच मी वाजवायला घेतलं आणि माझा पहिलाच सूर घसरला, तो मात्र खरंच कुणाला ऐकू आला नाही.