राजाचा पापड

घाटापासून चार दिवसांच्या वाटेवर, जिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चूळ भरून निघून जातो, अशा एका नगरात सोमपाल नावाचा राजा होता. त्या नगरात पाण्याला फार मान. आल्यागेल्याला कोणी गूळ दिला नाही तरी चाले, पण भरलेला तांब्या आधी पुढे यायचा. पाहुणा जितका मोठा, तितका तांब्या मोठा.

राजाची एकुलती एक मुलगी कनकावती समुद्राकाठच्या राज्यात दिली होती. माघात तिने वडिलांना एक कुंडी पाठवली. तिकडच्या दाट अरण्यातले झाड. पाने सुपाएवढी, तुकतुकीत, हिरवीगार. सोबत निरोप होता, ‘हे माझ्या खोलीतलं झाड. बाबा, तुम्हाला करमावं म्हणून पाठवते. अक्षय्य तृतीयेला येईन, तेव्हा तुम्हा दोघांनाही भेटेन.’

राजाला आनंदाचे भरते आले. लेकीच्या घरचा पाहुणा! त्याने कुंडी महालाच्या सज्जात ठेवली, वाऱ्यावर, मोकळ्या जागी. रोज सकाळी चांदीची घागर घेऊन तो स्वतः तिला पाणी घालू लागला.

फाल्गुन लागला. कोरडे, गरम वारे सुटले आणि पानांच्या कडा तपकिरी झाल्या. पाहुणा तहानलेला दिसतो म्हणून राजाने दोन घागरी घातल्या. पाने पिवळी पडली. तीन घातल्या. पाने माना टाकू लागली. राजाला भयंकर राग आला. पाणी घालणारा स्वतःच असल्यामुळे त्याने तो माळ्यावर काढला. एका माळ्याला नगराबाहेर घालवले, मग दुसऱ्याला. चैत्रात तिसरा नेमला, धोंडजी नावाचा. त्याला बजावले, की अक्षय्य तृतीयेपर्यंत झाड उभे दिसले नाही तर घरदार सोडून चालू लागायचे.

धोंडजी काही अडाणी नव्हता. कुंडीतून कुजका वास येतो, हे त्याला पहिल्याच दिवशी कळले. पण राजाच्या हातातली घागर धरायची कोणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी तसले काम. घरी येऊन त्याने बायकोला सांगितले, की गाठोडी बांधायला घे.

बायको साळूबाई. तिचे माहेर पानमळ्याचे. विड्याच्या पानांच्या वेलींत ती लहानाची मोठी झाली होती. तिने गाठोडी बांधली नाहीत. सकाळी पदर खोचून ती सज्जात गेली आणि राजाने घागर उचलताच समोर उभी राहिली.

“म्हाराज, ह्याची मुळं बुडत्यात आन् पानं तहानल्यात,” ती म्हणाली. “तुमी पानी घालताय ते त्याला लागतंय कुठं? त्याला वारा ओला पायजे.”

धोंडजीच्या तोंडचे पाणी पळाले. राजामागे उभा असलेला प्रधान हसला. वारा ओला आहे की कोरडा हे डोळ्यांना दिसते का, असे त्याने विचारले. साळूबाईने कमरेच्या पिशवीतून दोन कच्चे पापड काढले. एक तिने सज्जातल्या कट्ट्यावर ठेवला. दुसरा राजाच्या हाती दिला आणि तो घेऊन माझ्या माहेरी चला म्हणाली.

राजा रागावलेला होता, पण माणूस खोटा नव्हता. निघाला. तळहातावर पापड घेऊन चाललेला राजा त्या नगराने आजवर पाहिला नव्हता, त्यामुळे मागे निम्मे नगर लोटले.

पानमळ्याच्या तोंडाशी सगळ्यांनी पायताणे काढली, कारण तिथली रीतच तशी. आत पाऊल टाकताच राजा थबकला. बाहेर वैशाखासारखे ऊन आणि आत गारवा. चारी बाजूंनी कूड घालून वारा अडवलेला. वर शेवरीच्या झाडांची सावली, खाली दाटीने लावलेल्या वेली. एकही पान करपलेले नव्हते. राजाने माती चाचपून पाहिली. ती नुसती दमट होती, चिखल कुठेच नव्हता. पापड एका वेलीपाशी ठेवून सगळे बसले. दोन घटकांनी राजाने तो उचलला. पापड सादळून मऊ झाला होता, हवा तसा वळत होता. महालात परत येऊन कट्ट्यावरचा पापड उचलला, तर त्याचा काटकन तुकडा पडला.

राजाने तो तुकडा कट्ट्यावर ठेवला. मग त्याने साळूबाईला विचारले, “बाई, मी काय करू?”

“काय बी करू नगा,” साळूबाई म्हणाली. “घागर खाली ठिवा. तेवढंच अवघड हाय.”

खरोखरच अवघड होते. साळूबाईने कुजकी मुळे छाटली, झाड मोकळ्या, भुसभुशीत मातीत लावले आणि आतल्या खोलीत हलवले. मोठ्या परातीत नदीतले गोटे पसरून त्यात पाणी ओतले आणि कुंडी गोट्यांवर अशी ठेवली, की बूड पाण्याला टेकू नये. बागेतल्या कर्दळी, अळू, नेचे अशा दहाबारा कुंड्या तिच्याभोवती दाटीने मांडल्या. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले आणि कोनाड्यात रोज एक पापड ठेवला. पापड मोडला की पडदे भिजवायचे. वळला की गप्प बसायचे. त्यावर बुरशी दिसली तर खिडकी उघडून वारा आत घ्यायचा. कुंडीत पाणी मात्र बोटभर खोल माती कोरडी लागेल तेव्हाच, आणि तेही फुलपात्रभर.

पंधरा दिवस झाड जसेच्या तसे उभे राहिले. सुधारलेही नाही, मेलेही नाही. प्रधान रोज कानाशी लागे, की बाईच्या नादाने लेकीच्या झाडाला आपण उपाशी मारतो आहोत. एका सकाळी राजाला राहवले नाही. तो घागर भरून खोलीच्या दारापर्यंत आला. आत कोणी अडवणारे नव्हते. डोळे भरून आले, हात शिवशिवले. पण त्याने आधी मातीत बोट घातले. माती दमट होती. पोटच्या पोरीला रडताना सोडून पाठ फिरवावी तसा तो वळला आणि घागर तशीच परत घेऊन गेला.

चार दिवसांनी देठाच्या बगलेतून एक कोवळी सुरळी डोकावली. ती रोज वाढू लागली, आणि अक्षय्य तृतीयेच्या पहाटे उलगडली. सुपाएवढे पान, कडेला एक डाग नाही! धोंडजी धावत बाहेर आला आणि त्याने नगारखान्यात वर्दी दिली. नगारे दणाणले. कनकावतीचा मेणा वेशीत शिरला तेव्हा नगरातली माणसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहून ओरडत होती, “पान आलं, पान आलं!”

कनकावती त्या खोलीत आली आणि डोळे मिटून उभी राहिली. “बाबा,” ती म्हणाली, “इथं माझ्या घरासारखं वाटतंय.”

त्या दिवशी भरदरबारात राजाने साळूबाईला साऱ्या बागेचा कारभार दिला. घालवून दिलेल्या दोन्ही माळ्यांना त्याने मेणा पाठवून बोलावले होते. त्यांच्यासमोर तो सिंहासनावरून उतरला आणि म्हणाला, “झाड मी मारत होतो, शिक्षा तुम्ही भोगलीत. मला क्षमा करा.”

दरबारात नगाऱ्यांहूनही मोठा जयजयकार झाला. म्हणे प्रधानसुद्धा त्यात होता.

तात्पर्य: आपल्याला द्यावेसे वाटते ते ओतत राहणे म्हणजे माया नव्हे, समोरच्याला काय हवे ते ओळखावे आणि नको तिथे आपला हात आवरावा.