लाइलची ओळ

टॅनर्स गॅप या अमेरिकेतल्या कोळशाच्या गावात, डोंगराच्या उतारावर एक लाकडी सभागृह आहे. सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी सारं गाव तिथे गायला जमतं. त्यातलं एक गाणं तिसऱ्या कडव्याच्या शेवटच्या ओळीशी अडतं. ती ओळ कुणीच म्हणत नाही. पाहुणे गोंधळून एकमेकांकडे बघतात. मग सभागृहाची राखण करणारी म्हातारी व्हायोला त्यांना बाकावर बसवून घेते आणि सांगू लागते.

फार वर्षांपूर्वी या गावची तिघं मिळून गायची म्हणे. हेस्टर, तिचा नवरा एमॉस आणि तिचा धाकटा भाऊ लाइल. खाणीत गाडल्या गेलेल्यांवरचं हे गाणं लाइलनेच रचलेलं. बाकीचं गाणं तिघं मिळून गात, ती ओळ मात्र तो एकटा खर्जात म्हणायचा. ऐकणारे टोप्या काढून हातात घेत, असं सांगतात.

पुढे दिवस फिरले. संपाची गाणी म्हणणारा तो देशाचा वैरी, असं वारं सुटलं, आणि लाइल तशी गाणीही म्हणायचा. तिघं ज्या रेडिओवर गात, त्याच्या साहेबांनी हेस्टरपुढे कागद ठेवला. लाइल आमच्यातला नाही असं लिहून द्या, नाहीतर तिघांचंही गाणं बंद. दोन दिवस तिने कागदाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सही केली. का केली, ते तिने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

लाइल भांडला नाही. "गाणं थांबू देऊ नकोस," एवढंच म्हणाला आणि पुन्हा खाणीत उतरला.

हेस्टर आणि एमॉस, दोघांचं नाव देशभर झालं. तिसरा गायक घ्या, असं लोक सुचवायचे. हेस्टर ऐकून घ्यायची आणि त्या ओळीपाशी गप्प उभी राहायची. शहरातली गिटारवाली पोरंही तसंच थांबू लागली. त्यांना वाटे, ही गाण्यातली खुबी आहे.

नऊ वर्षांनी ती या सभागृहात गायला आली. लाइल मागच्या बाकावर होता. ती ओळ आली, हेस्टर थांबली. बाक धरून तो उठला. तोंड उघडलं, पण धुळीने भरलेल्या छातीतून नुसती घरघर आली. तो खाली बसला.

कार्यक्रमानंतर ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

"तुझी ओळ मी कुणाला दिली नाही, लाइल."

"ठाऊक आहे. रेडिओवर मी तेवढीच ऐकायचो."

पहिला बर्फ पडायच्या आत तो गेला.

आजही गाव त्या ओळीपाशी थांबतं. किती थांबायचं, ते कुठे लिहिलेलं नाही. दमेकऱ्याला एक श्वास पुरा करायला लागेल तितकं, असं व्हायोला सांगते. पुढचं कडवं एखादी बाईच उचलते, कारण लाइल खाली बसला त्या दिवशी ते हेस्टरने उचललं होतं. आणि तिचा आवाज, म्हणे, सुरात लागला नव्हता.