चौकातली तुपाची वाटी

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं, आणि त्या नगराच्या चौकात, उघड्या उन्हात, एक तुपाची वाटी ठेवलेली असे.

ती वाटी जुन्या राणीने ठेवली होती. तिचा नियम साधा होता. वाटीतलं तूप थिजलेलं आहे तोवर कामं चालू. तूप विरघळलं की नगारा वाजवायचा. नगारा वाजला की वीटभट्टीपासून राजवाड्यापर्यंत सगळी कामं बंद. तूप पुन्हा थिजेपर्यंत कुणी कुणाला राबवायचं नाही. राणी म्हणायची, "राजाला ऊन कळत नाही, तुपाला कळतं."

तेव्हा डोंगरावर दाट झाडी होती. वारा तिच्यातून गार होऊन खाली यायचा. नगारा वर्षातून चार-पाच दिवस वाजायचा आणि पोरं सुट्टी मिळाली म्हणून नाचायची.

पुढे नवा राजा आला. त्याला शेजारच्या राजापेक्षा उंच तट हवा होता. तटाला विटा हव्या, विटांना भट्ट्या हव्या, भट्ट्यांना लाकूड हवं. डोंगर माथ्यापासून पायथ्यापर्यंत तोडला गेला. दहा भट्ट्यांच्या शंभर झाल्या. धूर नगरावर गोधडीसारखा पसरून राहिला आणि त्या गोधडीखाली माणसं उकडू लागली.

नगारा आता फाल्गुनातच वाजू लागला. मग रोज. मग रोज सकाळी, न्याहारीच्याही आधी.

भट्टीमालक राजाकडे गेले. "महाराज, हा नगारा तुमचा तट काही पुरा होऊ द्यायचा नाही."

राजाने पाच ज्येष्ठांचं मंडळ नेमलं. पाचही जण पांढऱ्या दाढीचे, अनुभवी, मोठ्या मानाचे. ते राजवाड्याखालच्या तळघरात बसत. तिथे वाळ्याचे ओले पडदे होते आणि पंखा ओढायला माणसं होती.

"ऊन काय आजचं आहे का?" पहिले ज्येष्ठ म्हणाले. "आमच्या लहानपणी आम्ही वैशाखात अनवाणी हिंडायचो."

"तुपातच भेसळ असणार," दुसरे म्हणाले. म्हणून दोन गवळ्यांना फटके मारून झाले. तूप तरीही विरघळत राहिलं.

"मुळात वाटी उन्हात आहे," तिसरे म्हणाले. "उन्हात ठेवल्यावर ते विरघळणारच. हा तुपावर अन्याय आहे."

हे सगळ्यांना पटलं. वाटीवर छत्री आली. पुढल्या वर्षी छत्रीखाली ओलं फडकं आलं. त्याच्या पुढल्या वर्षी वाटीच तळघरात आली. तिथे तूप दगडासारखं घट्ट राहिलं. नगरात दवंडी पिटली: 'मंडळाच्या अथक प्रयत्नांमुळे ऊन कमी झालं आहे.' पाचही ज्येष्ठांना सत्कारात शाली मिळाल्या. तळघरात त्या उपयोगीही पडल्या.

वाटीवर नजर ठेवायचं आणि नगारा वाजवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे होतं. घरातले आबा थकले तेव्हा ते त्यांच्या तरुण नातीकडे आलं. ती दिवसभर तळघरात बसून न विरघळणाऱ्या तुपाकडे बघायची. तिची आई भट्टीवर डोक्यावरून विटा वाहायची.

रोज सकाळी आई चुंबळ उचलायची आणि जुन्या सवयीने म्हणायची, "नगारा झाला की येतेच." नगारा व्हायचाच नाही. आई दिवेलागणीला यायची. ओठ फुटलेले, डोळे लाल. घागरभर पाणी प्यायची आणि भिंतीला टेकून बसायची.

मुलीने मंडळाला सांगितलं, "आजोबा, एकदा वर येऊन बघा. भट्टीवर माणसं पडतायत. या महिन्यात तिघं गेली."

"वय झालं असेल," चौथे ज्येष्ठ म्हणाले.

"त्यातली एक एकोणीस वर्षांची होती."

"हे बघ मुली, तुझं वय किती, आमचं किती! आम्ही यावर विचार करतोय."

"कधीपासून?"

"सात वर्षं झाली."

घरी आबा म्हणाले, "बाळ, तुला सावलीत बसायला मिळतंय. कशाला मोठ्यांच्या तोंडाला लागतेस?"

"आबा, तुमची सून उन्हात आहे."

आबांनी कूस बदलली.

एके दिवशी सकाळी आईला उलट्या झाल्या. अंग तव्यासारखं तापलं होतं. पण एक खाडा झाला की मुकादम दुसरी बाई ठेवायचा, म्हणून ती निघालीच. "नगारा झाला की येतेच," दारातून म्हणाली आणि चौकटीला धरून क्षणभर थांबली.

मुलगी तळघरात गेली. तूप घट्ट होतं. पाच ज्येष्ठ शाली पांघरून डुलक्या घेत होते. तिने वाटी उचलली.

"ए मुली!" पाचवे ज्येष्ठ जागे झाले. "वाटी जागची हलवायची नाही! नियम आहे!"

"मग चौकातून इथे कुणी आणली?"

ती जिना चढू लागली. दहाव्या पायरीवर तुपाला कडेने पाणी सुटलं. विसाव्या पायरीवर मधला गोळा डुलू लागला. ती चौकात पोचली तोवर वाटीत घट्ट असं काही उरलं नव्हतं, आणि सूर्य अजून डोक्यावरही आला नव्हता.

तिने टिपऱ्या उचलल्या. चार वर्षांनी नगारा वाजला.

भट्टीवर आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग एकेकाने डोक्यावरचा भार उतरवला. आई होती तिथेच खाली बसली आणि आडवी झाली. बायकांनी तिला ओढत भिंतीच्या सावलीत नेलं, डोक्यावर पाणी ओतलं. वैद्य म्हणाले, आणखी घटकाभर गेली असती तर काही खरं नव्हतं.

मुलीला राजापुढे उभं केलं.

"तूप विरघळलं नसताना नगारा कसा वाजवलास?"

"विरघळलं होतं, महाराज. तुम्ही जिथे बसत नाही तिथे विरघळलं होतं."

राजाने मंडळाकडे पाहिलं. मंडळाने मान हलवली. वाटी चोरल्याबद्दल मुलीला वर्षभर भट्टीवर राबायची शिक्षा झाली, आणि नगारा उचलून तळघरात नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला उठून बसता येत होतं, एवढंच. तिने घरातलं शेवटचं चमचाभर तूप पणतीत काढलं आणि सरकत सरकत जाऊन उंबऱ्याबाहेर उन्हात ठेवलं.

"काय गं हे?" शेजारीण म्हणाली.

"नगारा नेला त्यांनी. ऊन थोडंच नेलंय?"

शेजारणीनेही पणती ठेवली. तिसऱ्या दिवशी प्रत्येक दारात पणती होती. पणतीतलं तूप विरघळलं की माणसं भट्टीवर जायचीच नाहीत. मुकादम ओरडून दमला.

पणत्या जप्त करायला शिपाई आले, डोक्यावर लोखंडी शिरस्त्राणं घालून. तिसऱ्या गल्लीत एक शिपाई धाडकन पडला. त्याच बायकांनी त्याच्याही डोक्यावर पाणी ओतलं. बाकीच्यांनी शिरस्त्राणं काढली आणि लोकांच्या शेजारी सावलीत बसले.

शंभर भट्ट्या विझल्या. मंडळ म्हणालं, "लोकांची समजूत काढायला एक उपमंडळ नेमू." राजाला मात्र अर्धवट तट दिसत होता. त्याने निरोप धाडला, "तुम्हाला हवंय तरी काय?"

मुलगी म्हणाली, "मंडळाने चौकात बसावं. वाटीशेजारी, भर दुपारी. निर्णय होईल तेव्हाच उठावं. तोवर एकही भट्टी पेटणार नाही."

पाच ज्येष्ठ आले. शाली घेऊनच आले, बिचारे. सात वर्षांत त्यांनी पहिल्यांदा डोंगराकडे पाहिलं.

"झाडं कुठे गेली?" चौथ्यांनी विचारलं.

"तुमच्या तटात," मुलगी म्हणाली आणि तळघरातून नुकतीच आणलेली थिजलेल्या तुपाची वाटी मधोमध ठेवली.

पहिल्या ज्येष्ठांनी घसा खाकरला. "आमच्या लहानपणी आम्ही अनवाणी..." तेवढ्यात त्यांचा पाय जोड्यातून निसटून फरशीवर टेकला. वाक्य तिथेच राहिलं.

तूप अर्धंही विरघळलं नव्हतं. तेवढ्यात ठरलं: नव्वद भट्ट्या कायमच्या बंद, तट आहे तेवढाच, डोंगरावर झाडं, वाटी चौकात. सात वर्षं जे ठरत नव्हतं ते अर्ध्या वाटीत ठरलं.

"हे आमच्या मनात होतंच," तिसरे ज्येष्ठ दाढीतला घाम पुसत म्हणाले.

डोंगरावर रोपं लागली. पण रोप राजाच्या हुकमाने मोठं होत नाही. ती एकोणीस वर्षांची पोर परत आली नाही. आईला अजून उन्हात भोवळ येते. मंडळ विचार करत होतं त्या सात वर्षांत उभी राहिली असती ती सावली आता कुणीच आणून देऊ शकत नाही.

चौकात वाटीशेजारी आता पाच दगडी बैठका आहेत. त्यांच्यावर छप्पर नाही.

तात्पर्य: सावलीत बसलेले लोक उन्हाचा नुसता विचार करत राहतात. त्यांनी निर्णय घ्यावा असं वाटत असेल तर विनंत्या पुरे करा, आणि त्यांना उन्हात आणून बसवा.