समाचाराला गेलेले हाड

फार जुन्या काळी, अवयव एकमेकांकडे जात-येत असत तेव्हा, एका देहातले हृदय आजारी पडले. सगळे अवयव समाचाराला निघाले. आजाऱ्यापुढे आपले दुखणे काढायचे नाही, ही रीत सर्वांना ठाऊक होती.

मांडीच्या हाडाला मात्र घोर लागला होता. हृदय थकल्यापासून त्याच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसत चालल्या होत्या आणि गाभ्यातली अस्थिमज्जा, जिथे साऱ्या देहाचे नवे रक्त तयार होई, ती उपाशी होती.

"मामा, आज तरी बोला," सर्वांत धाकटी वाहिनी म्हणाली. "आम्ही मिटलो की कारखाना बंद."

"बोलेन गं. पण ते बरे दिसेल का? आणि मला नुसतेच तसे वाटत असले तर?"

हृदयाने धापा टाकतच विचारले, "काय हाडोबा, प्रकृती?"

"आमचे काय, ठणठणीत."

"तुमचे बरे आहे. खांबासारखे उभे राहायचे, खायला-प्यायला काही लागत नाही. तुमच्याकडचे रक्त थोडे कमी करू का? मला झेपत नाही."

हाडाला नाही म्हणायचे होते. "अवश्य," ते म्हणाले.

थोड्याच दिवसांत हृदय आणखी खंगले. "ताजे रक्त मिळाले तर मी सावरेन," ते म्हणाले. "ते मिळते कुठे?"

"माझ्याकडे," हाड चाचरत म्हणाले. "म्हणजे, मिळायचे."

"अहो, मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही आजारी होता."

जमलेल्या अवयवांनी हाडाच्या सुसंस्कृतपणाचे मनापासून कौतुक केले. ते ऐकवायला हाडाने धाकट्या वाहिनीला हाक मारली, पण ती केव्हाच मिटली होती.