गिरवलेली रेघ

"मग चुकले तरी काय?"

आर्या खेमा फळीवर रंधा फिरवीत होत्या. नुकतीच लिहिलेली अक्षरे लाकडाच्या सालींबरोबर सुटून चटईवर पडत होती.

"वळण चुकले?"

"नाही."

"रेघांचा क्रम?"

"बरोबर होता."

"मग माझ्या मुलीचे नाव आपण तासून का टाकलेत?"

रंधा थांबला.

"तुम्ही दुसऱ्यांदा हात फिरवला, गुरुजी."

श्रीनिवास केळुसकर हे वेंगुर्ल्याच्या प्राथमिक शाळेचे सेवानिवृत्त मुख्याध्यापक. आर्या खेमा मूळच्या पवनीच्या. ऐन तारुण्यात भिक्षुणीचे चीवर धारण करून त्या जपानला गेल्या आणि तेथील समुद्रकाठच्या एका लहानशा विहारात म्हाताऱ्या झाल्या. त्या गावात त्यांच्याशी मराठीत बोलणारे एकच माणूस होते, ते म्हणजे गुरुजींची कन्या मृणाल. ती गावातील वृद्धाश्रमात परिचारिका होती.

आदल्या वर्षीच्या वादळात समुद्र गावात शिरला. मृणालने आश्रमातील म्हाताऱ्यांना टेकडीवर पोहोचविले आणि मागे राहिलेल्या एका आजीबाईंसाठी ती पुन्हा खाली उतरली. समुद्राने दोघींनाही परत दिले नाही.

तेथील रीत अशी की, मृताचे नाव कुंचल्याने एका उभ्या फळीवर लिहावे आणि ती फळी स्मशानभूमीत रोवावी. देह मिळाला नसेल, तर ती फळी हीच समाधी. नाव लिहिण्याचा मान विहाराचा. वेंगुर्ल्याहून आलेल्या गुरुजींनी मात्र ते स्वतः लिहिण्याचा हट्ट धरला होता, आणि आर्याजींनी तो मानला होता. वादळाच्या त्या वर्षीच्या मृतांच्या फळ्या त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी रोवावयाच्या होत्या. इतर सर्व फळ्या लिहून भिंतीशी उभ्या होत्या.

"दुसऱ्यांदा हात फिरवला, हा काय अपराध झाला?" गुरुजी म्हणाले. "एक रेघ बारीक आली होती. ती मी भरली."

"इथं भरत नाहीत. रेघ एकदाच ओढतात. आली तशी आली."

"आमच्याकडे गिरवल्याखेरीज अक्षर बसत नाही."

"माझ्याकडून पण गिरवूनच घेतलं होतं जी. पवनीच्या शाळेत. मास्तरांनी बोटं सुजवली होती."

"म्हणूनच आपले अक्षर चांगले झाले असेल."

"झालं. पण मास्तरांचं नाव आठवत नाही."

गुरुजींना ते रुचले नाही.

"आर्याजी, मी ही लिपी घरी बसून शिकलो आहे. शिक्षक नाही, शिकवणी नाही. एक पुस्तक आणि एक पाटी. पहाटे उठून बसत असे. शेजारी म्हणत, मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला. तरी शिकलो. या वयात! तेव्हा कसे लिहावे, हे मला अगदीच कळत नाही असे समजू नका."

"कळतं ना. फार चांगलं लिहिता." आर्याजींनी फळीवरून तळवा फिरविला. "म्हणून तर एवढं कष्टानं तासते आहे."

त्यांनी दगडावर शाई उगाळली. फळी गुरुजींपुढे सरकविली.

"लिहा."

गुरुजींनी कुंचला भिजविला. मृणालचे नाव त्या लिपीत चार अक्षरांचे होते. ती एकाखाली एक यावयाची होती. पहिली दोन नेटकी उतरली. तिसऱ्याची तिरपी रेघ किंचित थरथरली...

कुंचला उचलला गेला. शाईत बुडाला. थरथरलेल्या रेघेवर पुन्हा टेकला.

आर्याजींनी रंधा उचलला.

"थांबा! ते नकळत झाले."

"ठाऊक आहे."

"चाळीस वर्षांची सवय आहे हाताला."

"तेही ठाऊक आहे."

साली पडत राहिल्या. बाहेर गावातील माणसे जमू लागली होती. त्यांच्या खोकण्याचा आणि खडीवरून चालण्याचा आवाज येत होता. मोठ्याने कोणीच बोलत नव्हते.

आर्याजींनी फळी आडवी धरून तिच्या जाडीवर नजर टाकली.

"आता शेवटची, गुरुजी. आणखी तासली तर समुद्राच्या वाऱ्यात उभी राहणार नाही."

"दुसरी फळी नाही?"

"प्रत्येकाला एकच मिळते."

गुरुजींनी भिंतीशी उभ्या असलेल्या फळ्यांकडे पाहिले.

"मी लिहू?" आर्याजींनी विचारले. "मला काही वेळ लागायचा नाही. लोक खोळंबले आहेत."

"नाही."

"हाताला कंप आहे तुमच्या."

"असू द्या. बाप मी आहे."

"मग लिहा ना, बापा. कोणी अडवलं आहे?"

कुंचला हातात घेऊनही गुरुजी लिहीनात.

"तिचे अक्षर फार वाईट होते," ते म्हणाले. "कोंबडीचे पाय. सुट्टीत मी रोज पाटीवर गिरवून घेत असे. रडत गिरवायची."

"मला सांगायची ती. रविवारी भाकरी खायला यायची इथं. म्हणायची, आमच्या बाबांना माझं शिंकणंसुद्धा सुधारून हवं असायचं."

गुरुजींना हसू आले. ते ओठांवर पुरते आलेच नाही.

"आणखी काय म्हणायची?"

"भाकरी करपली म्हणायची. करपलेलीच असायची."

"माझ्याविषयी?"

आर्याजींनी शाईचा दगड त्यांच्याजवळ सरकविला.

गुरुजींनी कुंचला शाईत बुडविला, काठावर निथळविला आणि लिहावयास घेतले.

पहिले अक्षर.

दुसरे.

तिसऱ्याची तिरपी रेघ या वेळीही थरथरली. कुंचला तिथल्या तिथे घुटमळला... आणि पुढे गेला.

चौथे अक्षर दोन रेघांचे. दुसरी रेघ खाली उतरते आणि उजवीकडे वळून वर निघून जाते. गुरुजींनी ती खाली आणली, वळविली. आणि वर जाता जाता कुंचल्यातील शाई संपली. रेघ फाटली. मध्ये कोरडे लाकूड दिसू लागले, आणि जिथे तिने पोहोचावयाचे होते तिथवर ती पोहोचली नाही.

गुरुजी तिच्याकडे पाहत राहिले.

बाहेर कोणी तरी हलकेच घंटा वाजविली. वेळ झाली होती.

गुरुजींचा हात शाईकडे गेला. कुंचला गच्च भिजला. तो फळीवर आला.

आर्याजींनी आपला हात मध्ये घातला, आणि फाटलेल्या रेघेच्या वर, लाकडाला लागणार नाही असा, पालथा धरला. कुंचला त्यांच्या हाताच्या पाठीवर टेकला.

"हात काढा."

"लिहा."

"आर्याजी, हात काढा."

"इथं लिहा. इथं हवं तेवढं गिरवा."

गुरुजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांनी त्या सुरकुतलेल्या कातडीवर रेघ ओढली. खाली, वळण, वर. पुरी, काळीभोर रेघ. तिच्यावरून पुन्हा ओढली. पुन्हा.

"तिने फोन केला होता," ते म्हणाले. कुंचला थांबला नाही. "त्या दिवशी. म्हणाली, बाबा, सोबतच्या सगळ्या मुली निघाल्या आहेत, शेवटची गाडी उभी आहे, मी निघू का?"

आर्याजींचा हात हलला नाही.

"मी म्हणालो, म्हाताऱ्या माणसांना टाकून? थांब तिथेच."

शाई त्यांच्या बोटांमध्ये उतरली. मनगटाकडे ओघळली. रेघ केव्हाच दिसेनाशी झाली होती. नुसता काळा डाग उरला होता, आणि गुरुजी त्या डागावरून कुंचला फिरवीत होते.

"तीन वेळा विचारले तिने. तीनही वेळा तेच म्हणालो."

गुरुजींनी मान वर केली.

"आपण काही बोलत का नाही?"

"काय बोलू?"

"मी बरोबर सांगितले होते, असे म्हणा. तिने माणसे वाचविली, असे म्हणा. नाही तर चूक होती, असे तरी म्हणा!"

आर्याजींचा हात तसाच धरलेला होता. वयामुळे खांदा अवघडला होता, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही.

कुंचला कोरडा पडला. गुरुजींनी तो शाईत बुडवावयास हात पुढे केला, पण दगडावर शाई उरलेली नव्हती.

त्यांनी कुंचला खाली ठेवला.

दार सरकले. एका वृद्ध गृहस्थाने आत डोकावून वाकून नमस्कार केला आणि बाकीच्या फळ्या एकेक करून बाहेर नेण्यात आल्या. खोलीत एकच उरली.

आर्याजींनी काळा झालेला हात मांडीवर घेतला. तो त्यांनी पुसला नाही.

गुरुजी फळीवर वाकले. बोट त्या फाटलेल्या रेघेपाशी नेले, आणि न टेकविता तसेच धरून ठेवले.

"आणि ही? ही अशीच अर्धवट ठेवायची?"

"अर्धवट नाही, गुरुजी. संपलेली आहे."