शिपायांच्या बदल्यात आलेले रांजण

फार फार जुन्या काळी एक राजा होता. त्याला चिनी मातीच्या भांड्यांचं विलक्षण वेड होतं. दूरदेशीचे व्यापारी गलबतांतून पेले, बश्या, सुरया घेऊन येत. दुधासारखी पांढरी भांडी, त्यांवर निळी वेलबुट्टी. टिचकी मारली की घंटेसारखी वाजत.

एकदा शेजारच्या राजाकडे त्याने माणसाच्या उंचीचे रांजण पाहिले आणि त्याची झोप उडाली. शेजाऱ्याचं दूर कुठेतरी युद्ध चाललं होतं. त्याला माणसं हवी होती. सौदा ठरला. एका रांजणाला एक शिपाई. शिपायांना कुणी विचारलं नाही.

रांजण आले. राजाने त्यांच्यासाठी नवा महाल बांधला आणि सणाच्या दिवशी तो प्रजेला खुला केला.

त्या गर्दीत एक म्हातारी होती. ती प्रत्येक रांजणापाशी थांबत होती. राजाला कौतुक वाटलं.

"बाई, कोणता आवडला?" त्याने विचारलं.

"महाराज, माझ्या लेकाच्या, भिवाच्या बदल्यात आलेला कोणता, तेवढं सांगा. नुसता हात लावून जाईन."

राजा गोंधळला. "ते कुणी लक्षात ठेवलं नाही. सगळे सारखेच आहेत."

"शिपाईही तुम्हाला सारखेच दिसले असतील," म्हातारी म्हणाली. "माझ्या घरात तो एकच होता."

त्याच दिवशी राजाने शेजाऱ्याकडे स्वार धाडला. रांजण परत घ्या, माणसं परत द्या.

उत्तर आलं : "रांजण राहू द्या. गलबतं मला दर वर्षी नवे आणून देतात. तुमची माणसं पहिल्याच लढाईत पडली."

म्हातारी धर्मशाळेत वाट पाहत होती. राजा स्वतः तिथे गेला आणि खाली मान घालून त्याने ते सांगितलं. ती रडली नाही. गाठोडं उचलून ती गावाकडे चालू लागली, आणि वाटेत लागलेल्या प्रत्येक गावात तिने बायकांना घडलेलं सगळं सांगितलं.

पुढे राजाने कितीदा तरी दवंडी पिटवली, पण एकाही आईने मुलगा सैन्यात धाडला नाही. शत्रू चालून आला, तेव्हा वेशीवर उभं राहायला कुणी नव्हतं. शत्रूने सगळे रांजण गाड्यांवर चढवून नेले. राजा रिकाम्या महालात एकटाच बसून राहिला.

तात्पर्य : जो माणसाची किंमत वस्तूंनी मोजतो, त्याच्याजवळ शेवटी ना माणसं उरतात, ना वस्तू.